माझ्या दाढेतला बोळा आणि तिची रेड एल

माझ्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा होता आणि मी तो विसरले. विसरले ती विसरले, वर एका मुलीच्या बिअरला लवंगेचा वास येतोय असं चारचौघांत जाहीर केलं आणि तिची हजार लिटरची टाकी गटारात सोडायला लावली. एवढाच मूर्खपणा असता तर मी तो केव्हाच भिशीत सांगून हशा मिळवला असता. पण याला पुढे एक शेपूट आहे, आणि ते मूर्खपणाचं नाही.

तेव्हा मी जेमतेम सहासष्ट वर्षांची होते. कोवळं वय. त्या वयाच्या पोरींना वाटतं की जग आपल्या जिभेवर चालतं. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या पोरीच्या थोबाडीत एक ठेवून द्यावीशी वाटते. पण ती माझ्याच गालावर बसणार, म्हणून गप्प राहते.

माझी जीभ आमच्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होती, दोन्ही कामांसाठी. पंचवीस वर्षं मी शहरभरच्या महिला मंडळांच्या पाककला स्पर्धांना परीक्षक म्हणून जात होते. गोडा मसाला घरचा की विकतचा, हे झाकण उघडायच्या आत सांगायचे. एका बाईंच्या अळूवडीला मी "भिजलेली वही" म्हटलं होतं, तेही माइकवर. त्या बाई पुन्हा कुठल्या स्पर्धेत दिसल्या नाहीत, आणि हे मी लोकांना अभिमानाने सांगत असे.

अशा या जिभेला बिअरपर्यंत नेलं माझ्या भाच्याने. थोरल्या बहिणीचा मुलगा. आयटीतली नोकरी सोडून त्याने हडपसरला छोटी ब्रुअरी काढली. तिथेच बनवायची आणि तिथेच लोकांना बसवून पाजायची. एक दिवस घरी येऊन म्हणाला, "मावशी, आमटीत चिंच आहे की आमसूल, हे तू दारातून ओळखतेस. दर गुरुवारी सकाळी अकराला माझ्या बिअरची चव बघायला ये ना."

"तुझ्या आईला वरती कळलं तर काय म्हणेल?"

"आई म्हणेल, हिला आधी का नाही बोलावलंस, फुकट म्हटलं की ही कुठेही येते."

गेले. घरी आमच्या ह्यांना सांगितलं, भाच्याच्या कारखान्यात चव बघायला जाते. कशाची, ते त्यांनी विचारलं नाही. चवीबद्दल त्यांनी चाळीस वर्षांत विचारलेला एकमेव प्रश्न म्हणजे "मीठ कुठंय?"

मला शिकवायला भाच्याने त्याची सहायक ब्रुअर बसवली. लोणी काळभोरची मुलगी, सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी, सत्तावीस-अठ्ठावीसची. पायात गमबूट, केस टोपीत कोंबलेले. गमबूटवाली मला चव शिकवणार, या विचाराने मला पहिल्या दिवशी हसू आलं आणि मी ते लपवण्याची तसदीही घेतली नाही. तिने ते पाहिलं आणि शिकवायला सुरुवात केली.

शिकवलं मात्र सुरेख. रेड एल, म्हणजे त्यांची तांबडी बिअर, फार गार प्यायची नाही. ग्लास दोन्ही तळव्यांत धरून जरा ऊब द्यायची, मग वास मोकळा होतो. लांब श्वास घ्यायचा नाही, मांजरीसारखं दोन-तीनदा भराभर हुंगायचं. घोट तोंडभर फिरवायचा आणि गिळायचाच, कारण कडवटपणा कळतो तो घशाशी. हा तांबडा रंग कुठून येतो, तर बार्लीचे थोडे दाणे काळे होईस्तोवर भाजून घालतात. जरा जास्त पडले की रंग गेला कॉफीवर. सगळं सांगून तिने पहिला ग्लास माझ्यासमोर ठेवला.

"काय येतंय, मावशी?" भाचा म्हणतो म्हणून तिथे सगळेच मला मावशी म्हणत.

"बिअर येतेय."

"ते बाहेर पाटीवर लिहिलंय. तुम्हाला काय येतंय?"

मी डोळे मिटले. आधी आला भाकरीचा करपलेला पापुद्रा. त्याच्यामागून चिक्कीसाठी गूळ कढत असतो तो वास. थोडी खारीक. आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी एक कोरडा कडसरपणा, कारल्याच्या भाजीत गूळ घालायला कुणी हात आखडता घेतल्यासारखा. हे सगळं सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "म्हणजे येतंय की तुम्हाला!" खोटं कशाला बोलू, पंचवीस वर्षांच्या परीक्षकगिरीत मला कुणी शाबासकी दिली नव्हती. सगळ्या मलाच घाबरायच्या.

मग ती चिमुकल्या बाटल्या घेऊन बसायची. एकेका बाटलीतला थेंब बिअरमध्ये टाकायची आणि बिघाड ओळखायला लावायची. लोणी, हिरवं सफरचंद, ओला पुठ्ठा, उकडलेला मका. आणि लवंग. "ही गव्हाच्या बिअरमध्ये चालते," ती म्हणाली. "रेड एलमध्ये आली तर समजायचं, बाहेरचं यीस्ट शिरलं. टाकी गेली." म्हणजे सुरी तिनेच माझ्या हातात दिली, मूठ माझ्याकडे करून.

दोन वर्षं अशी गेली. मग भाच्याने तिला तिच्या स्वतःच्या कृतीची रेड एल करायला सांगितली. माझ्यासमोरच तिला म्हणाला, "ही जमली तर मुख्य ब्रुअर तू. नाही जमली तर बंगळूरचा एक माणूस यायला तयार आहे." तिच्या घरी ती 'फूड कंपनीत' कामाला होती. वडिलांना खरं सांगायचं ते मुख्य ब्रुअर झाल्यावरच, असं तिने ठरवलं होतं. हे तिने मला एकदा टाकी धुताधुता सांगितलं होतं. म्हणजे मला ते माहीत होतं. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

शुक्रवारी पाहुण्यांसमोर ती बिअर पहिल्यांदा उघडायची होती. आदल्या दिवशी, गुरुवारी, आमची चव. आणि माझी दाढ बुधवारपासून ठणकत होती. दंतवैद्याकडे गेलं की तो काढाच म्हणणार, आणि आपल्या तोंडात काय ठेवायचं हे मला दुसऱ्याने सांगितलेलं कधीच खपत नसे. सकाळी कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात भिजवून दाढेच्या खड्ड्यात दाबला. तासाभरात ठणका थांबला. ठणका थांबला की माणूस देवाला विसरतो, बोळ्याचं काय घेऊन बसलात! नाकही त्या वासाला सरावून गेलं.

टेबलाशी आम्ही चौघं. भाचा, त्याचे दोन मित्र आणि मी. ती समोर उभी. ग्लास उजेडात धरला तर आतला रंग असा, की मुरलेल्या आवळ्याच्या मुरंब्याने लाजावं. हुंगलं. घोट घेतला, तोंडभर फिरवला, आणि एकदम लवंग!

तिथला नियम असा की आधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर तोंड उघडायचं. मी पेनला हातही लावला नाही. "लवंग येतेय," म्हणाले.

"मावशी, आधी लिहा," ती म्हणाली.

"लिहायचंय काय त्यात? वरणात झुरळ निघालं तर मी कागद मागते का?"

भाच्याच्या मित्रांनी पुन्हा ग्लास नाकाशी नेले. एक म्हणाला, "हो, आहे जराशी." दुसरा म्हणाला, "जराशी? मला तर दालचिनीसुद्धा येतेय." भाच्याने घोट घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. मग तिनेही एक ग्लास भरला. घोट बराच वेळ तोंडात ठेवला, गिळला आणि ग्लास पुन्हा नाकाशी नेला. मी मनात म्हटलं, पकडली.

ग्लास खाली ठेवून ती भाच्याला म्हणाली, "सर, तीन दिवस द्या. सॅम्पल प्लेटवर लावते. बाहेरचं यीस्ट असेल तर उगवून दिसेल."

"आणि तोवर शेजारच्या टाक्यांना लागलं म्हणजे?" भाचा म्हणाला. "पाहुण्यांना दुसरं काहीतरी पाजू, पण ही टाकी मी ठेवणार नाही."

"दोन दिवस तरी..."

इथे मी गप्प बसू शकले असते. सहासष्टाव्या वर्षी ती कला मला येत नव्हती. "अगं, पोळी करपली हे कळायला प्रयोगशाळा लागते का?" मी म्हणाले. "का तुमच्याकडे सगळ्यातच लवंग घालतात, म्हणून तुला वेगळी कळत नाही?"

'तुमच्याकडे' हा शब्द कसा उच्चारायचा, हे पेठेत वाढलेल्या बाईला शिकवावं लागत नाही. तो बरोबर जाऊन बसला. मित्र हसले. तिची मान खाली गेली. भाचा म्हणाला, "उद्या सकाळी नऊला सोडून द्या टाकी." आणि मी रिक्षात बसले तेव्हा अगदी मजेत होते. अळूवडीच्या दिवशी होते तशीच.

दुपारी चारला घरी चहा घेतला. गरम घोटाबरोबर दाढेतून काहीतरी सुटलं आणि जिभेवर आलं. तळहातावर थुंकलं तर तो बोळा. वास घ्यायची गरज नव्हती, तरी घेतला.

"काय निघालं?" ह्यांनी पेपरातून विचारलं.

"दाढेतला बोळा."

"मला वाटलं, दाढच." आणि ते पुन्हा पेपरात गेले.

आता ते शेपूट. माझ्या हातात सतरा तास होते आणि एक फोन होता. "अरे, टाकी सोडू नकोस, माझ्या दाढेत लवंग होती," एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मी भाच्याचा नंबर काढलासुद्धा. मग डोळ्यांसमोर आलं की हे दिवाळीपर्यंत सगळ्या गोतावळ्यात पोचणार. मी जेवायला बसले की कुणीतरी विचारणार, "मावशी, दाढ तपासलीत ना?" आणि अळूवडीवाल्या बाईंना कळलं, तर त्या पेढे वाटणार. एका पारड्यात माझी फजिती, दुसऱ्यात त्या मुलीचं सगळं. मी दंतवैद्याला फोन लावला. त्याने वेळ दिली दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची. तिकडे टाकी रिकामी होत होती तेव्हा इकडे मी आ वासून बसले होते, आणि डॉक्टर म्हणत होते, "आजी, फार सोसलंत हो तुम्ही."

चौथ्या दिवशी भाच्याचा फोन आला. "मावशी, तिच्या प्लेटवर काहीच उगवलं नाही म्हणे. पण आपल्या सगळ्यांना वास आला होता ना?"

"आला होता," मी म्हणाले. तोंडात टाके होते, जास्त बोलता येत नव्हतं, हे एक बरं झालं.

बंगळूरचा माणूस आला. त्याची रेड एल खोकल्याच्या औषधाला फेस आणल्यासारखी होती. मी तिला दहापैकी आठ दिले. महिन्याभराने ती मुलगी सोडून गेल्याचं कळलं. मी "अरेरे" म्हणाले, आणि बऱ्यापैकी म्हणाले.

तीन वर्षांनी भाच्याच्या मुलीचा साखरपुडा झाला. त्यात भाच्याने माइक घेतला आणि भर हॉलमध्ये सांगितलं की मावशीच्या नाकाने माझी ब्रुअरी वाचवली. टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कार केला. चांगला वाकून केला. पुढच्याच आठवड्यात मी लोणी काळभोरची बस धरली. ती तिथल्या कॉलेजात शिकवते, हे मी काढून ठेवलं होतं. याला पश्चात्ताप वगैरे म्हणू नका. तिने एकदा माझ्यावर सडकून ओरडावं आणि मला मोकळं करावं, एवढाच माझा मतलब होता. तिथेही मी घ्यायलाच गेले होते.

"अगं बाई, मावशी! एवढ्या लांब, या उन्हाच्या?" कॉलेजच्या कँटीनमध्ये तिने माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि चहा सांगितला. सगळं कसं सांगायचं ते मी बसमध्ये घोकलं होतं, मध्येमध्ये विनोद पेरून. तिच्यासमोर एकही विनोद तोंडातून बाहेर पडेना. बोळा सांगितला. चार वाजताचा चहा सांगितला. न केलेला फोन सांगितला. नऊ वाजताची दाढही सांगितली.

तिने एकच विचारलं, "चारला कळलं तुम्हाला?"

"हो."

"आन् टाकी सकाळी नऊला सोडली." आपल्या गावात तिची बोली सैल झाली होती.

"हो. ओरड गं माझ्यावर. माझ्यामुळे तुझी नोकरी गेली."

"नोकरी कुठं गेली? सर तर ऱ्हा म्हणत होते. वर्षाने अजून एक टाकी देतो म्हणत होते. मीच सोडली."

"का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी तो चहाबरोबर पिऊन आले असते.

"प्लेट कोरी आली, तेव्हाच कळलं मला की बिअरमध्ये कायबी नव्हतं. पण तुम्ही लवंग म्हणाल्यावर मीबी घोट घेतला होता ना, मावशी, तर मलाबी लवंग आली. माझ्या हाताच्या बिअरमध्ये, नसलेली. मग त्या नाकावर मी दुसरी टाकी कशी लावायची, सांगा."