विहिरीपर्यंतची रेंज

किहीमच्या आमच्या वाडीत वायफायचं काम करायला येणारा माणूस मोजकंच बोलतो. घरातल्या राउटरपासून त्याने माडांखालून वायर नेली, मागच्या पडवीत आमचाच जुना राउटर लावला आणि म्हणाला, "आता हा नुसती रेंज पसरवील."

मग तपासणी. त्याची आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिला व्हिडिओ कॉल लावून, फोन पुढे धरून तो सावकाश चालू लागतो, झोपेत चालावं तसा.

"दिसतंय का गो आये?"

"दिसतंय. जरा पुढं ने."

सुपारीच्या सावल्या, अळूची पानं, विहिरीतलं आभाळ. रेंज पोचली हे केव्हाच कळलेलं असतं, तरी तो पाण्यावर फोन धरून उभाच. कुणी अनोळखी बाई आमची वाडी अशी हिंडून बघतेय, हे मला सुरुवातीला खटकलं.

माझ्या आईला नाही. वायफाय उत्तम चालतं, तरी अधूनमधून ती त्याला फोन करते, "मागे रेंज येत नाही रे, बघून जा." आणि तो यायच्या आधी विहिरीभोवतालचा पाचोळा झाडून ठेवते.