रिकाम्या खळ्याची मोजणी

अन्याय माझ्या आईवर झाला. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, आमच्याच घरासमोरच्या खळ्यात. करणारे तिघे: बाबा, थोरला भाऊ आणि मी. मोजायच्या टेपचं एक टोक माझ्या हातात होतं, म्हणून हे मीच लिहायला हवं.

आईच्या माहेरची उरणकडची जमीन रस्त्यात गेली आणि तिच्या वाट्याचे पैसे आले. तिच्या नावावर, तिच्या सहीने. तरी त्या पैशांचं काय करायचं यावर वाद घातला आम्ही तिघांनीच.

बाबांना होडी हवी होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेले. स्वतःच्या होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावायचं, एवढंच त्यांचं मागणं. भावाला पोहायचा तलाव हवा होता. घरामागच्या दोन खोल्या तो पर्यटकांना देतो. हरिहरेश्वर करून परतणारी माणसं फोन करतात. हा सांगतो, समुद्र दोनशे पावलांवर आहे. तिकडून उत्तर येतं, "वो ठीक है भैया, पूल है क्या?"

मी होडीच्या बाजूची. मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, बायका टँकरमागे धावतात, आणि हा खड्डा खणून त्यात गोडं पाणी भरणार, तेही समुद्रासमोर! मी भावाला जेवताना सगळं सुनावलं. तो म्हणाला, "पत्रक वाटायचं तर वाट, पण आधी भात संपव."

दोघं विरुद्ध एक, होडी जिंकली. बाबांना ती घरासमोरच बांधून हवी होती. आजोबांची तशीच बांधली होती म्हणे, सुतार खळ्यातच बसायचा. पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर बाबांनी दुसरा नारळ सुताराच्या हातात दिला. आमच्याकडे नारळ दिला की शब्द दिला. सुताराने तो रीतीप्रमाणे आमच्याच देव्हाऱ्यात ठेवायला परत दिला. होडीचं पहिलं लाकूड बसवताना तो फोडायचा असतो.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. बाबांनी जुना दोर काढला आणि दोन्ही हात पसरून वाव मोजत होडीची लांबी खळ्यात आखली. भाऊ हरला होता, पण गप्प बसणारा नव्हे. "निदान तलाव केवढा झाला असता ते तरी बघा," म्हणत त्याने टेप आणली, एक टोक मला धरायला लावलं आणि चुन्याची फक्की ओढली. होडी आणि तलाव एकमेकांवर आले. दुसरीकडे जागाच नव्हती. खळं मात्र छान रिकामं होतं. "जागा पडूनच हाय," बाबा म्हणाले. मी मान हलवली.

इथे माझा गुन्हा सांगते. त्याच्या आदल्या वर्षी सरकारी माणसं किनाऱ्याची पाहणी करायला आली होती, भर श्रावणात. आमच्या गावातली सगळी खळी त्यांनी 'रिकामी जागा' म्हणून लिहून नेली. पावसाळ्यात बोंबील वाळवायचे बांबू उतरवून पडवीत ठेवलेले असतात, तेव्हा खळं रिकामंच दिसणार. मी पत्रक काढलं होतं: 'मोजणी पावसाळ्यात करू नका. जिचं खळं आहे तिला विचारल्याशिवाय करू नका.' घरोघरी वाटलं. एक प्रत आमच्या पडवीत चिकटवलेली होती, त्या उतरवलेल्या बांबूंच्या वर. टेप धरून मी उभी होते ती त्या पत्रकाकडे पाठ करून.

आई आठवडा बाजारातून सुकट विकून आली. डोक्यावरची रिकामी पाटी खाली ठेवली. दोर बघितला, फक्की बघितली.

"कोनाचं मढं गाडताय?"

"मढं काय बोलतेस, होडी हाय," बाबा म्हणाले. "सुतार होळीपर्यंत देईल."

"होळीपर्यंत हितंच बसनार तो?"

"व्हय."

"आनि माझं बोंबील? ते कुठं वालायचं?" ती माझ्याकडे वळली. "तुझ्या कागदावर?"

दिवाळीच्या आधीपासून शिमग्यापर्यंत ती त्या खळ्यात रोज वाकलेली असते. मासळी होडीतून उतरली की बाईची, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. बाबा तर उभा जन्म तेच पाळत आले. फक्त त्या सकाळी ते आम्हा तिघांच्याही डोक्यात आलं नाही.

मग ती फक्कीच्या आत जाऊन उभी राहिली. भावाला तलावाबद्दल विचारू लागली. खोल किती, पायऱ्या असतात का. भाऊ उत्साहाने सांगत होता. मध्येच तिने विचारलं, "बाया उतरतात त्यात?"

"उतरतात ना. पर्यटक."

"आनि मी?"

भावाने टेप गुंडाळायला घेतली. समुद्रासमोर जन्म काढलेल्या माझ्या आईला पोहता येत नाही. वाळूवर पाटी घेऊन होडीची वाट बघायची, गुडघाभर पाण्यात जाऊन मासळी घ्यायची, एवढाच तिचा समुद्र. पाण्यात नुसतं बसावंसं तिलाही वाटत असेल, हे मला माहीत नव्हतं. तलावाविरुद्ध मी जे जे बोलले ते आजही खरं मानते. पण ते बोलताना मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

ती घरात गेली. देव्हाऱ्यातला नारळ उचलला, पायरीवर आपटून फोडला आणि दुपारच्या कालवणाला वाटला. बाबा म्हणाले, "अगो, शब्दाचा नारळ व्हता तो!"

"शब्द माझा न्हवता," आई म्हणाली. "जेवा आता."

संध्याकाळी बाबा स्वतः सुताराकडे जाऊन सांगून आले. परत आले तेव्हा पाऊस झाला होता, फक्की वाहून गेली होती. पुढचं सगळं आईने ठरवलं. आधी खळ्याला फरशी, म्हणजे बोंबलाला माती लागणार नाही. उरलेल्यात पलीकडच्या गावातली एक जुनी, लहान, तयार होडी. मालक म्हणून कागदावर नाव तिचं. बाबा तिच्या होडीवर खलाशी. "मालकीण पगार काय देनार?" असं ते रोज विचारतात, आणि ती रोज म्हणते, "आधी काम दाखव."

तलाव झाला नाही. ओहोटीला मी आणि ती खडकांमधल्या डोहात जाऊन बसतो. ती लुगडं वर खोचून कमरेपर्यंत उतरते आणि माझा दंड सोडत नाही.

मी ते पत्रक पुन्हा छापणार आहे, पण त्याआधी हे तुम्हाला. तुमच्या घरात आज कुठल्या रिकाम्या जागेची मोजणी चालू असेल तर टेप खाली ठेवा. तिथे वर्षभर कोण वाकतं ते आठवा. तिच्यासमोर जाऊन विचारा, आणि तिचं उत्तर येईपर्यंत कोणालाही नारळ देऊ नका.