दोन वचनांच्या मधला वेळ

बायबलातल्या दोन वचनांचा मेळ बसत नाही असं कोणी म्हटलं, की नाना अहिरे मनगटावरचं घड्याळ पुढे करायचे. काचेवर बोटाने टकटक करायचे आणि आपल्या साक्रीकडच्या बोलीत म्हणायचे, "बठ्ठं खरं शे. मझार टाइम गया." म्हणजे सगळं खरं आहे, मधे वेळ गेला. येशूच्या कबरेपाशी मत्तयाच्या पुस्तकात एक देवदूत आहे आणि लूकच्या पुस्तकात दोघे. नानांचं उत्तर तयार असे: एक आधी आला, मधे वेळ गेला, मग दुसरा आला. देवदूतांच्याही पाळ्या लावून देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पाळ्या लावणं हे त्यांचं कामच होतं म्हणा. दीपनगरच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये, ते माझे शिफ्ट इनचार्ज होते. दोघांनी घेतलेली रीडिंग जुळली नाहीत तर ते कोणालाच खोटं ठरवत नसत. दोघंही बरोबर, मधे वेळ गेला. कामावर असा दिलदार साहेब मिळणं नशिबाची गोष्ट होती. पण कॉलनीतल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत ते वडील होते, म्हणजे पाळकाच्या खालोखाल मान त्यांचा, आणि खरं सांगायचं तर पाळकही त्यांना वचकून असे. तिथे त्यांची दिलदारी पुस्तकापुरती उरायची. पुस्तकाला ते सगळं सांभाळून घेत, माणसाला काहीच नाही.

"ज्याला वचनात चूक दिसते त्याने आधी डोळे तपासावेत, नाहीतर जन्म तपासावा," असं ते भर अभ्यासवर्गात म्हणत. जामनेरहून बदलून आलेल्या एका शिक्षिकाबाईंनी साधी शंका विचारली, तर त्यांना हेच ऐकवलं. बाई रडत उठून गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. नाना खूश होते. पीठ चाळलं की कोंडा जायचाच, असं त्यांचं मत. आम्ही उरलेलं पीठ खाली माना घालून बसलो होतो.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रमोद पुण्याला धर्मशिक्षण घेऊन धुळ्यात शिक्षक झाला होता. सुटीत तो घरी आला, तेव्हा अभ्यासवर्गात नाना लुटारूंचा भाग शिकवत होते. मत्तय सांगतो, येशूच्या दोन्ही बाजूंना वधस्तंभावर टांगलेल्या दोघाही लुटारूंनी त्याची निंदा केली. लूक सांगतो, एकाने निंदा केली आणि दुसऱ्याने दया मागितली. नानांनी घड्याळ पुढे केलं. "आधी दोघांनी शिव्या दिल्या. मझार टाइम गया. मग एकाचं मन वळलं."

"नाना, मत्तय आणि लूक, दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या," प्रमोद शांतपणे म्हणाला. "त्यातली एक चुकीची असेल. म्हणून येशू काही लहान होत नाही."

"एक चुकनं ते बठ्ठं चुकनं!" नाना ओरडले आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्या मंडळीने मिळून भाकर घ्यायची. भाकरीच्या तुकड्यांचं ताट नाना स्वतः फिरवत. प्रमोदने हात पुढे केला, तर नानांनी ताट त्याच्या डोक्यावरून मागच्या ओळीत दिलं. त्याचा हात तसाच पुढे राहिला. बायकांच्या बाजूने त्याची आई, मार्थाआक्का, त्या हाताकडे बघत होत्या. त्यानंतर मुलाला ते ताट कायमचं बंद झालं.

पुढे आक्कांना पोटाचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्यांची इच्छा एकच होती: डोळे मिटण्याआधी नवरा, मुलगा आणि आपण, तिघांनी मिळून प्रभुभोजन घ्यावं. पाळक आले, धुळ्याहून प्रमोद आला, ताट मी धरलं. नाना मुलाला म्हणाले, "आधी म्हण. बायबलात एकही चूक नाही."

"म्हनी टाक ना बापू," आक्का कळवळल्या.

"आईसाठी म्हणतो," प्रमोद म्हणाला.

"आईसाठी नको. खरं वाटत असेल तर म्हण."

प्रमोदने नकारार्थी मान हलवली. म्हणून टाकायला काय जातं, असं मला तेव्हा वाटलं, पण तोही त्याच बापाचा मुलगा. पाळक छताच्या पंख्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी तुकडा आक्कांच्या ओठांशी नेला. आक्कांनी तोंड फिरवलं. "त्याले नही, ते माले बी नही."

"मग जा उपाशी," नाना म्हणाले आणि त्यांनी आपल्या वाटचा तुकडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी आक्का गेल्या.

कबरेपाशी नाना बोलले ते नेमके त्या लुटारूवरच. त्याचं मन कसं हळूहळू वळलं हे त्यांनी रंगवून सांगितलं. मत्तय आणि लूक यांच्या मधे त्यांनी एका लुटारूला अख्खी दुपार काढून दिली होती, पोटच्या पोराला घटकाभर दिली नाही. मला त्या दिवशी त्यांची शिसारी आली, आणि ती अजून गेलेली नाही.

गेल्या वर्षी नानांनी अंथरूण धरलं. मी रोज जायचो. का, ते विचारू नका, शिफ्टची सवय म्हणा. शेवटच्या दिवशी सकाळी पाळकांनी विचारलं, "प्रमोदला बोलावू?"

"माले पोरगा नही," नाना म्हणाले. दुपारी त्यांची शुद्ध गेली ती परत आली नाही. संध्याकाळी मी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं.

मातीला प्रमोद आला. पाळकांनी त्याला घडलं ते जसंच्या तसं सांगून टाकलं. त्याचा चेहरा मला बघवेना. मी त्याला बाजूला घेतलं, घड्याळ त्याच्यापुढे धरलं आणि म्हणालो, "पाळक सकाळी होते. दुपारी मी एकटा होतो. दुपारी नानांनी तुझं नाव घेतलं."

"काका, ते तर सकाळी म्हणाले होते, की..."

"मझार टाइम गया, बापू."

 तो अगदी वडिलांच्या आवाजात म्हणाला, "दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या, काका. त्यातली एक चुकीची आहे. कोणती, ते मला कळतं."

आणि तो माती द्यायला गेला. घड्याळ त्याने घेतलं नाही. माझा हात तसाच पुढे राहिला.