भांडुप ते चारकोप, खिशात चेन लॉक

लोक ब्लॉगवर लडाख लिहितात. मी भांडुप ते चारकोप लिहितोय, आणि तेही ऐंशीच्या दशकातलं. हसायचं तर हसा. जुन्या मोटरसायकलवर बायकोला मागे बसवून ज्यांना कुठे जायचंय, त्यांच्या कामाचं आहे.

निघायचं कारण माझं नव्हतंच. सुलभाला, म्हणजे बायकोला, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये घड्याळांचे भाग जुळवायच्या कामासाठी अकराला बोलावलं होतं. उशीर झाला तर जागा दुसरीला. नोकरी लागली तर तिचा पगार माझ्या बरोबरीचा होणार होता, आणि ते मला सलत होतं. आई मात्र म्हणाली, "गाडी आसा मा तुझी? मगे सोडून ये तिका."

नऊला निघालो. पवईपर्यंत रस्ता बरा. तलावाजवळ वडापाव आणि कटिंग घेऊन घ्या, कारण पुढे आरेत दुधाशिवाय काही मिळत नाही, निदान तेव्हा मिळत नव्हतं. सुलभाने काही खाल्लं नाही. फाईल धरून उभी राहिली.

आरेच्या चढावर खट्ट झालं आणि चेन रस्त्यावर. चेन लॉक उडालं होतं, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी आणि तिची क्लिप. गवतात शोधलं, मिळालं नाही. सायकलवरचा एक दूधवाला पाय टेकून म्हणाला, "चैन टूटी क्या? मेकॅनिक तो हायवे पे मिलेगा." आणि गेला.

चेन तशीही सैल पडली होती, म्हणून आधी लहान करायला घेतली. ध्यानात ठेवा, एकच कडी काढलीत तर टोकं जुळत नाहीत, वाट लागते. दोन काढायच्या, एक रुंद, एक अरुंद. गाडीच्या टूलबॉक्समधून सामान काढलं. दगडावर मोठा नट ठेवला, त्याच्या भोकावर कडीची पिन, पिनेवर जाड खिळा, वरून हातोडी. सुलभाने चेन घट्ट धरली होती, तिची बोटं काळी झाली. मग मागचं चाक थोडं पुढे घेतलं. टोकं जुळली.

"लॉक?" तिने विचारलं.

"नाहीये."

होतं. आदल्याच दिवशी स्टेशनजवळून घेतलेलं, कागदाच्या पुडीत, पँटच्या खिशात. घड्याळात दहा वीस झाले होते. मी काही ठरवलं नव्हतं, फक्त हात खिशात जात नव्हता. लाज वाटते, पण झालं ते असं.

"अहो, खिसे बघितलेत सगळे?"

"बघितले गं."

ती उठली, हात गवताला पुसले, फाईल काखेत मारली. "मी हायवेपर्यंत चालत जाते, तिथून बस बघते. तुम्ही गाडी घेऊन घरी जा," म्हणाली आणि निघाली. मागे वळून बघितलं नाही. वीसेक पावलं गेल्यावर मी हाक मारली, "अगं थांब, सापडलं."

लॉक बसवायला दोन मिनिटं. क्लिपचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला हवं, नाहीतर पुन्हा उडते. अकराला पाच कमी असताना चारकोपला टेकलो. नुसते प्लॉट आणि धूळ. पाऊण तासाने ती बाहेर आली. "सोमवारपासून," म्हणाली. पुढे एकोणीस वर्षं ती तिथे होती. येताना आरेत थंड दूध प्यायलो. चेनने काही त्रास दिला नाही.

परवा हे सगळं लिहून तिला वाचून दाखवलं. खिशातलं इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. ती गवार मोडत बसली होती.

"त्या पँटला इस्त्री कोणी केली होती?" तिने विचारलं.

"तू."

"मग? पुडी काढून इस्त्री केली, परत खिशात ठेवली."

"तिथेच का नाही बोललीस?"

"तुम्ही काढताय का, ते बघत होते." तिने पुढची शेंग उचलली. "चारकोपला मी पोचलेच असते. भांडुपला परत आले असते का, ते नाही सांगता येत."