नव्या कॅपॅसिटरला वेळ लागतो

हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. एकदा तोंडातून शब्द काढले होते, पण त्याला सांगणं म्हणत नाहीत. ते शेवटी येईलच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलायला जीभ उचलते आहे. ओळखीच्या माणसापुढे कितीदा तरी सुरुवात केली आणि मग क्रिकेटवर बोलत बसलो.

आधी त्या मशीनबद्दल सांगतो. तेवढंच सोपं आहे.

हेडफोनचा आवाज वाढवणारा एक छोटा अॅम्प्लिफायर असतो, साबणाच्या डबीएवढा. एका बाजूला मोबाइल जोडायचा, दुसऱ्या बाजूला हेडफोन. तो मी दादासाठी मागवला होता. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. बुटीबोरीला सुताच्या कारखान्यात नोकरी, आणि उरलेला सगळा जीव भीमगीतांच्या पार्टीत. तिथे तो ऑर्गन, म्हणजे कीबोर्ड, वाजवायचा. घर आमचं दोन खोल्यांचं, भिंतीला भिंत लागून शेजारी. म्हणून संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरला की हातपाय धुऊन हेडफोन लावायचा आणि नव्या गाण्याची चाल कानानंच उचलायचा. नोटेशन-बिटेशन त्याला कधी लागलं नाही. गायक खोकला तरी तो कोणत्या पट्टीत खोकला हे दादा सांगेल, असं पार्टीतले लोक म्हणायचे.

आणि मी? आमचे बाबा आल्यागेल्याला सांगायचे, "मोठ्याले कान भेटला, लहान्याले हात." प्रेमानंच म्हणायचे. पण ते ऐकत मोठं व्हायचं म्हणजे काय असतं, ते लहान्यालाच विचारा. दादा वाजवायचा, लोक माना डोलवायचे. मी पंखे उघडायचो, रेडिओ उघडायचो. सदर भागातल्या ऑफिसात नोकरी लागल्यावरही सुटीच्या दिवशी सोल्डरिंग आयर्न घेऊन बसायचो. आवाजाच्या जगात मला कानानं कोणी घेतलं नाही, म्हणून मी मागच्या दारानं, हातानं शिरलो. एवढीच माझी हौस. तिच्यात आकस किती होता, हे तेव्हा कळत नव्हतं — की कळत होतं?

तर त्या मशीनमधले कॅपॅसिटर बदलायचे मी ठरवलं. कॅपॅसिटर म्हणजे घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी समजा. वीज साठवायची आणि लागेल तशी सोडायची. कंपनीनं स्वस्तातले टाकलेले असतात. चांगले टाकले की आवाज भरीव होतो, स्वच्छ होतो, असं आम्ही हौशी लोक मानतो. रविवारी जुने काढले, नवे लावले. नवे अंगानं मोठे निघाले. पाय वाकवून त्यांना आडवं निजवावं लागलं, तरी झाकण बसेना. शेवटी डबीला रबर बँड लावला. तो रबर बँड आजही आहे. दुसरा आहे म्हणा, पहिला तुटला.

सोमवारी संध्याकाळी दादानं हेडफोन लावले, जरा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "डावीकडून कमी येऊन राहिलं बे."

सोल्डरिंग कच्चं राहिलं असणार. पुन्हा उघडलं, सगळे सांधे पुन्हा तापवले. तरी कमीच. दुसरे हेडफोन लावून पाहिले. तरी कमीच. मी स्वतः ऐकलं तर मला दोन्ही बाजू सारख्याच येत होत्या. मग मी त्याला हेडफोन उलटे घालायला सांगितले. डाव्या कानावरचा उजव्यावर, उजवा डाव्यावर. दोष मशीनमधे असता तर कमी आवाज आता उजव्या कानात जायला हवा होता. एवढं तर शाळेतल्या पोरालाही कळेल.

दादानं डोळे मिटून ऐकलं. म्हणाला, "डावीकडूनच कमी आहे."

म्हणजे मशीन ठीक होतं, हे मला त्याच क्षणी समजलं. उघड-उघड समजलं, शंकेला जागाच नव्हती.

आणि आता ते सांगतो ज्याच्यासाठी एवढा फिरून आलो. मला भीती वाटायला हवी होती ना? सख्खा भाऊ — ज्यानं मला सायकल शिकवली, माझ्या फीसाठी ओव्हरटाइम केला — त्याचा कान गेला की काय, म्हणून पोटात गोळा यायला हवा होता ना? तसं झालं नाही. मले बरं वाटलं. आमच्या बोलीतच सांगतो, कारण मनात तसंच आलं होतं. माझं काम चोख निघालं होतं, आणि खोट निघाली होती त्या कानात, ज्याचं कौतुक मी जन्मभर ऐकत आलो. थोडाच वेळ वाटलं. पण वाटलं.

त्या वाटण्यातूनच पुढचं वाक्य बाहेर पडलं. हौशी लोकांत एक समजूत आहे, की नवे कॅपॅसिटर लगेच खुलत नाहीत. बरेच दिवस चालवावे लागतात, मग आवाज मोकळा होतो. मी दादाला म्हणालो, "नवे आहेत ना, बसायले टाइम लागते. वाजू दे." त्या समजुतीवर माझा अर्धामुर्धा विश्वास होताही. पण हेडफोन उलटे करूनही एकाच कानाला कमी येतं, ते कॅपॅसिटर न बसल्यामुळे, असं तर जगात कोणी म्हणत नाही. मी म्हणालो.

काहून म्हणालो? उद्या सांगू, परवा सांगू, असं मनात होतं. त्याला एखाद-दोन दिवस डावीकडून कमीच येऊ द्यावं, असंही होतं. दोन्ही खरं आहे.

दादानं माझं ऐकलं. यंत्रातलं त्याला कळत नाही, मला कळतं, हे घरात ठरलेलंच होतं. दिवसभर तो कामावर असताना जुना मोबाइल जोडून मशीन चालू ठेवायचा, की कॅपॅसिटर लवकर पिकावेत. वहिनी हसायची. "भाऊजी, आंब्याची आढी घातली का तुम्ही?" मीही हसायचो. संध्याकाळी दादा हेडफोन लावून बसायचा, मान डावीकडे कलती करून, वाट पाहत. एकदा म्हणाला, "आज जरा खुलल्यावानी वाटते." ते माझं मन राखायला म्हणाला. मी त्याचा चेहरा पाहत होतो, मला समजलं. मी म्हणालो, "पाहिलं? म्हटलं होतं ना."

आणखी एक. एका संध्याकाळी त्यानं सांगितलं की कानात बारीक शिटी वाजते. हेडफोन काढल्यावरही वाजते का, एवढं मी विचारायला हवं होतं. उत्तर ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही. सुरुवातीला असं होतं म्हणालो.

असे तीन आठवडे गेले. मग एक दिवस दादानं फोन डाव्या कानाला लावला आणि पलीकडून कोणी बोलतच नाही म्हणून ठेवून दिला. फोन वहिनीचा होता. ती घाबरली, आम्ही त्याला धंतोलीत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर चिडलेच. कान असा अचानक बसला तर पहिल्या काही दिवसांत औषध द्यावं लागतं, तेव्हा आला असता तर बरीच आशा होती, इतके दिवस काय करत होता — असं बोलले. दादा खाली पाहून म्हणाला, "मले वाटलं मशीनचा दोष आहे."

तसं त्याला कोणी सांगितलं, हे तो बोलला नाही. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. मीही बोललो नाही. परतताना ऑटोत वहिनी त्याच्यावरच रागावली. "काहून नाही सांगितलं तुम्ही? घरात माणसं नव्हती का?" त्यानं सांगितलं होतं. पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं. तो बोलणी खात राहिला आणि मी रस्त्यावरच्या पाट्या वाचत राहिलो.

औषधं दिली, पण कान परतला नाही. नंतर कुहीकडच्या एका गावात पार्टीचा कार्यक्रम होता. दादा हट्टानं गेला, मी सोबत होतो. गायक त्याच्या डाव्या हाताला उभा होता. तो अंतरा सोडून मुखड्यावर आला, आणि दादा अंतराच वाजवत राहिला. गायकानं वळून पाहिलं, ढोलकीवाल्यानं खूण केली, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. समोर काही पोरं हसली. दादाही हसला. घरी आल्यावर त्यानं ऑर्गन चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवला, तो अजून उतरवलेला नाही.

आजही कोणी आलं की तो ती डबी काढून दाखवतो. "लहान्यानं एक नंबर काम केलं. माझाच कान दगा देऊन गेला." बाबा असते तर त्यांनाही हेच ऐकवलं असतं. मी तिथेच बसलेला असतो, चहा पीत.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपार होती, घरात आम्ही दोघंच. दादा पलंगावर बसून पेपरातलं निवडणूक-बिवडणूक काहीतरी वाचत होता. खिडकीतला कूलर त्याच्या उजव्या कानाशी घरघरत होता. मी त्याच्या डावीकडे जाऊन बसलो. जागा मी निवडूनच बसलो होतो. आणि बोललो. मशीन ठीक होतं दादा, मला त्याच संध्याकाळी समजलं होतं, मला बरं वाटलं होतं. सगळं, जसं तुम्हाला सांगितलं तसं. आवाज चढवला नाही.

त्यानं पान उलटलं. मग माझ्याकडे लक्ष गेलं तशी मान पूर्ण वळवून, उजवा कान पुढे करून त्यानं विचारलं, "काही म्हटलं का गा?"

"काही नाही," मी म्हणालो. "कूलरमधे पाणी टाकू का म्हटलं."

"टाक," तो म्हणाला.

मी बादली घेऊन उठलो.