थांबलेला ड्रम

गुरुवारी दुपारी चारला त्या संशोधन संस्थेत व्याख्यान असायचं. औंढ्याच्या रस्त्याला संस्थेची बैठी इमारत, दारात कडुनिंब आणि आत एक लांबट खोली. तिथले पंखे इतके संथ फिरत, की बोलणाऱ्याचा आवाज विहिरीच्या तळातून येतोय असं वाटायचं. कुणीही जाऊन बसावं अशी मुभा होती. मी वसमतच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायची. गुरुवारचे तास आटोपले की बस पकडून तिकडं जायची. निम्मं डोक्यावरून जायचं. पण जमिनीच्या पोटात किती बारीक थरथर सतत चालू असते, हे कुणीतरी मन लावून सांगतंय आणि आपण अर्धवट मिटल्या डोळ्यांनी ऐकतोय, यात एक गुंगी होती. मला ती फार आवडायची.

खोलीबाहेरच्या फळ्यावर जागांच्या जाहिराती लागत. प्रकल्प सहायकाच्या जागेसाठी मी दोनदा मुलाखत दिली होती आणि दोनदा तोंड पाडून घरी आले होते. दोन्ही वेळा पाठ केलेलं इंग्रजी घडाघडा म्हटलं, आणि पहिला साधा प्रश्न आला तसं तेच पाठांतर पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले. तिसऱ्यांदा जाहिरात लागली तेव्हा वयाच्या अटीत बसायला माझे जेमतेम चार महिने उरले होते. ही जागा गेली असती, तर पुढं मी त्या खोलीत फक्त ऐकायलाच बसणार होते.

या वेळी मुलाखत म्हणजेच व्याख्यान होतं. आमच्या शिरड शहापूरच्या शिवारालगत, माळावर, संस्थेनं जमिनीची थरथर टिपणारं एक यंत्र पुरलेलं होतं. त्याची तीन आठवड्यांची नोंद कागदावर छापून प्रत्येक उमेदवाराला दिली. तिच्यात एक अनोळखी थरथर होती. ती कशाची, हे पंधरा मिनिटांत सांगायचं.

तो कागद मांडीवर घेऊन मी ओट्यावर बसले. दिवस हळदीचे होते. उकडून वाळवलेली हळद पॉलिश करायचा आमचा ड्रम खळ्यावर फिरत होता. जाळीचं मोठं लोखंडी पिंप, मधून आडवा दांडा, बाजूला इंजिन. आत हळकुंडं एकमेकांवर घासतात, साल उडते आणि सगळ्या खळ्यावर पिवळी धूळ तरंगत राहते. त्या धुळीत माझे वडील, आबा, आणि कामाच्या चार बाया हळदीच्याच झालेल्या दिसत. दांडा मागच्या साली जरा वाकला होता, म्हणून दर फेरीला ड्रम एकदा लंगडायचा. घरघर, घरघर, धप.

कागदावरची थरथर रोज दुपारी तासभर थांबत होती. आठवड्यातून एक दिवस ती मुळीच नव्हती. पाहता पाहता मी मान वर करून खळ्याकडं बघितलं. दुपारी भाकरी खायला ड्रम थांबतो. बाजाराच्या दिवशी तर आमच्याकडं कामाला कुणी येतच नाही. आणि रेघेत ठरावीक अंतरानं एक उंच टोक होतं, आमची धप.

आनंद झाला, आणि लगेच लाजही वाटली. एवढ्या शिकलेल्या माणसांपुढं काय घरचा ड्रम सांगायचा? एखादं पुस्तकी कारण द्यावं असं मनात येत राहिलं.

माझ्याआधी एकानं अवजड वाहनं सांगितली, दुसऱ्यानं चंद्राचं ओढणं. माझी पाळी आली तेव्हा दोन वाजत आले होते. मी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "हा आमच्या घरचा हळदीचा ड्रम आहे."

मागं कुणीतरी हसलं. समितीच्या प्रमुख बाई मात्र हसल्या नाहीत. भिंतीवरच्या पडद्यावर त्याच यंत्राची चालू रेघ सरकत होती. तिच्याकडं बोट करून त्यांनी विचारलं, आत्ता सिद्ध करता येईल का. मी तिथूनच आबांना फोन लावला.

"आबा, ड्रम बंद करता का? माझी मुलाखत चालू हाय."

"काहून गं माय? आवाजाची तकलीफ होऊन राहिली का?"

एवढ्या लांबून आवाज कसा येईल, हे समजावायला वेळ नव्हता. मी व्हय म्हणाले.

पडद्यावरची टोकं बुटकी झाली, मग विरून गेली. रेघ सपाट झाली आणि सगळी खोली त्या रेघेकडं बघत राहिली. मग प्रश्न सुरू झाले. मी कधी मराठीत, कधी मोडक्या इंग्रजीत उत्तरं देत होते, आणि पहिल्यांदाच मला ती उत्तरं येत होती. नंतर चहा झाला. कडुनिंबाखाली उभी राहिले, बस आली, खिडकीत डोकं टेकलं. आवाज बंद केलेला फोन पर्सच्या तळाशी पडला होता. त्या दुपारी माझे पाय जमिनीवर नव्हतेच.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळला होता. खळं शांत होतं. आबा आणि त्या चार बाया अर्धवट घासलेल्या हळदीच्या ढिगाजवळ बसल्या होत्या, हळू आवाजात बोलत. शेजाऱ्याला संध्याकाळी त्याचा ड्रम लावायचा होता. आबांनी त्यालाही थांबवून धरलं होतं. दोन वाजल्यापासून इंजिनाला कुणी हात लावला नव्हता.

मला बघून आबा उठले. अजूनही दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, "संपली का गं मुलाखत? चालू करू मग?"

मी तिथंच, हळदीच्या ढिगावर बसून रडले. आबांना वाटलं, ही जागाही गेली.

जागा मला मिळाली. आता गुरुवारच्या व्याख्यानांची खोली मीच उघडते. त्या दिवसाची नोंद संस्थेत जपून ठेवलेली आहे; दोनपासून अंधार पडेपर्यंत सपाट रेघ. हळदीच्या हंगामातली सर्वांत शांत दुपार म्हणून नवे लोक ती अभ्यासाला घेतात आणि मला कारण विचारतात. मी सांगते, तेव्हा माझे वडील गप्प बसले होते.