पुरवणी जबाब

मी तेव्हा पोलीस ठाण्यात फिर्यादी लिहून घ्यायचो. तेलगावची एक बाई वडिलांना घेऊन आली. नवरा परदेशात नोकरीला. सुट्टीवर आला, माहेरून गाडी आण म्हणून तिला मारलं आणि परत निघून गेला. तिनं बाही वर करून भाजल्याची खूण दाखवली. "साहेब, तापलेली इस्त्री लावली हो त्यानं. हे बी लिहा."

माझी जेवणाची वेळ झालेली. हुंड्याच्या फिर्यादीचा जुना मजकूर कॉम्प्युटरवर होताच; मी नावं, गाव बदललं. "ताई, शारीरिक व मानसिक छळ लिहिलंय. त्यात समदं आलं." तिनं सही केली. तिला दवाखान्यातही पाठवलं नाही.

नवरा आला नाही. कोर्टानं वॉरंट काढलं. प्रत्यार्पणाचा प्रस्ताव मुंबई, दिल्ली करत त्या देशात गेला आणि वर्षभरानं तिथल्यांनी शंका काढून परत पाठवला. बीडला जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं.

"त्यांच्याकडं हुंडा मागणं गुन्हाच नाही. माणूस मागायचा तर त्यानं केलेलं कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावं लागतं. कलमाचं नाव वेगळं असलं तरी चालतं. पण यात नुसतं 'छळ' लिहिलंय. त्यानं नेमकं केलं काय? बाईनं सांगितलं नव्हतं का?"

"न्हाई साहेब," मी म्हणालो.

पुरवणी जबाब घ्यायला तेलगावला मीच गेलो. ती दारात शिलाई मशीनवर बसली होती. इस्त्रीचं सगळं तिनं पुन्हा सांगितलं. हे आधी का सांगितलं नाही, तेही जबाबात लिहावं लागतं. मी लिहिलं, 'भीतीमुळे सांगितले नाही.'

वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "पर म्या तर तवाच सांगितलं होतं."

"असंच लिहावं लागतंय, ताई."

वडील माझ्याकडं बघत राहिले. तिनं सही केली.

इस्त्रीनं भाजणं त्यांच्याकडंही गुन्हाच आहे, हे तिथल्या कोर्टानं मान्य केलं. पण नवऱ्याच्या वकिलानं माझंच वाक्य पुढं केलं. आधी सांगितलं नाही, दवाखान्याचा कागद नाही, म्हणजे हे मागाहून रचलेलं. कोर्टाला ते पटलं. मागणी फेटाळली.

तिला फोनवर निकाल कळवायचं कामही माझ्याकडंच आलं. ऐकून ती म्हणाली, "साहेब, माझंच चुकलं का हो? म्या नीट सांगाया पायजे होतं."

"कायदाच तसा हाय, ताई," म्हणून मी फोन ठेवला.

आता मी निवृत्त झालोय. खरं काय ते तिला अजून सांगितलेलं नाही.